क्रूगरमध्ये मित्रांसोबत एक दिवसाची सफारी: स्वतः गाडी चालवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात भाड्याची साधी गाडी घेऊन, गाइडशिवाय दिवसभर फिरता येतं. चार-पाच मित्रमैत्रिणींनी मिळून असा एक दिवस आखायचा असेल, तर जे प्रश्न हमखास विचारले जातात त्यांची ही उत्तरं.

ताडोब्यासारखी जिप्सी आणि गाइड इथे सक्तीचे नाहीत का?

नाहीत. ताडोब्यात ठरलेली वेळ, ठरलेलं गेट, सोबत गाइड आणि उघडी जिप्सी अशी पद्धत आहे. क्रूगरमध्ये तुम्ही स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने गेट उघडल्यापासून बंद होईपर्यंत आत राहू शकता. डांबरी आणि कच्चे असे दोन्ही प्रकारचे रस्ते आहेत आणि प्रत्येक रस्त्याला क्रमांक आहे. एच म्हणजे मुख्य रस्ता, एस म्हणजे आडरस्ता. रस्ता सोडून झाडीत गाडी घालायला सक्त मनाई आहे. ‘प्रवेश नाही’ची पाटी असलेल्या वाटेवर चार पावलंही जायचं नाही, मग समोर सिंह बसलेला दिसत असला तरी.

गाइडसोबत जायचं असेल तर उघड्या गाड्यांतून सफारी करवणारे परवानाधारक चालक हेझीव्ह्यू, मालेलेनसारख्या गावांतून मिळतात. उंच बसायला मिळतं आणि अनुभवी नजर सोबत असते. पण किती वेळ कुठे थांबायचं हे मग तुमच्या हातात राहत नाही. मित्रांचा गट असेल आणि दोघांना तरी गाडी नीट चालवता येत असेल, तर आमचं मत स्वतःच्या गाडीच्या बाजूने आहे.

जोहान्सबर्गहून एका दिवसात जाऊन येता येईल का?

नाही. दक्षिणेकडची गेट जोहान्सबर्गपासून चारशे ते साडेचारशे किलोमीटरवर आहेत. एन ४ महामार्ग चांगला आहे, तरी टोलनाके धरून साडेचार-पाच तास जातात. पहाटे निघालात तरी प्राणी दिसण्याचे सर्वांत चांगले तीन तास महामार्गावरच संपतात. आदल्या रात्री गेटजवळ मुक्काम करा: क्रोकोडाइल ब्रिजसाठी कोमातीपूर्ट किंवा मार्लोथ पार्क, मालेलेन गेटसाठी मालेलेन गाव, फाबेनी आणि पॉल क्रूगर गेटसाठी हेझीव्ह्यू. अंधारात या भागातल्या रस्त्यांवर गाडी चालवू नका. गुरं रस्त्यावर येतात, खड्डे दिसत नाहीत आणि लुटीचा धोकाही आहे.

कुठल्या महिन्यात जावं?

पहिलीच भेट असेल तर जून ते सप्टेंबर. हा तिथला कोरडा हिवाळा. गवत बसलेलं असतं, झाडांची पानं गळलेली असतात, झाडीतलं पाणी आटलेलं असतं आणि जनावरं नदीकाठी, पाणवठ्यांवर येतात. दिसण्याचं प्रमाण वाढतं ते यामुळे. तोटा एवढाच की दिवस लहान असतो. मे ते जुलै गेट सकाळी ६ ला उघडतं आणि संध्याकाळी ५:३० ला बंद होतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गेट पहाटे ५:३० ते संध्याकाळी ६:३० उघडं असतं. सगळं हिरवंगार, इम्पाला या हरणांची नवी पिल्लं, आणि उन्हाळी पाहुणे पक्षी: युरोपातून येणारा नीलपंख, लाल वेडा राघू, सतत साद घालणारा वुडलँड किंगफिशर. पक्ष्यांसाठी जाणाऱ्यांनी हाच काळ धरावा. मात्र पारा ४० अंशांपर्यंत जाऊ शकतो, पाऊस जोराचा असतो आणि उंच गवतात झोपलेला सिंह दहा पावलांवरून दिसत नाही. मलेरियाचा धोकाही याच महिन्यांत जास्त.

गेटच्या वेळा महिन्यानुसार बदलतात. निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावर त्या महिन्याची वेळ पाहून घ्या.

प्रवेशाला काय लागतं आणि किती खर्च येतो?

प्रत्येकाचा मूळ पासपोर्ट, गाडीचा नंबर आणि दिवसाचं शुल्क. परदेशी प्रौढाला ते साधारण सहाशे रँडच्या घरात, म्हणजे तीन हजार रुपयांच्या आसपास पडतं आणि बहुधा दर वर्षी नोव्हेंबरपासून वाढतं. वाइल्ड कार्ड, म्हणजे राष्ट्रीय उद्यानांच्या प्रवेशाचा वर्षभर चालणारा पास, एका दिवसासाठी परवडत नाही. तीन-चार राष्ट्रीय उद्यानं किंवा क्रूगरमध्येच बरेच दिवस असतील तरच त्याचा हिशोब करा.

एका दिवसासाठी येणाऱ्यांचा प्रत्येक गेटवर कोटा असतो. शनिवार-रविवारी, तिथल्या शाळांच्या सुट्ट्यांत आणि डिसेंबरात तो भरतो आणि मग गेटवरून परत पाठवतात. म्हणून ऑनलाइन आगाऊ नोंदणी करा. थोडं वेगळं शुल्क लागतं, पण ते वाचवण्यात अर्थ नाही. गेटवर मिळालेला परवाना बाहेर पडेपर्यंत जपून ठेवा, निघताना तो दाखवावा लागतो.

भारतीय लायसन्स चालतं का?

इंग्रजीत असलेलं, फोटो आणि सही असलेलं लायसन्स चालतं. तरीही आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढून न्या. काही भाडे-कंपन्या त्याशिवाय गाडी देत नाहीत आणि हे विमानतळाच्या काउंटरवर कळून उपयोग नाही. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने आहे, त्यामुळे सवय करावी लागत नाही.

गाडी कोणती घ्यावी? फोर बाय फोर लागते का?

फोर बाय फोर लागत नाही. कच्चे रस्तेही साध्या गाडीने जाण्यासारखे असतात. लागते ती उंची. छोट्या गाडीत बसलेल्याच्या नजरेसमोर गवताची भिंत येते, तर एसयूव्हीत बसलेल्याला त्यावरून पलीकडचं दिसतं. चौघांसाठी एक एसयूव्ही पुरते. पाच जणांत मधल्या सीटवरच्याला दिवसभर काहीच दिसत नाही आणि दुपारपर्यंत त्याची चिडचिड सुरू होते. सहा ते आठ जण असाल तर मोठी व्हॅन घ्या. दोन गाड्या घेतल्या तर एकमेकांना शोधण्यातच वेळ जातो, कारण कॅम्प (उद्यानातले कुंपण घातलेले मुक्कामाचे तळ) सोडले की मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते.

गाडी ताब्यात घेताना तीन गोष्टी बघा: स्टेपनीत हवा आहे का, सगळ्या काचा पूर्ण खाली जातात का, आणि विम्यात टायर, काच आणि कच्च्या रस्त्यावरचं नुकसान धरलंय का. काचांवर गडद फिल्म असलेली गाडी नको. सूर्योदयाच्या वेळी तिच्यातून काही दिसत नाही.

एका दिवसात किती फिरावं?

सगळ्यांत जास्त लोक इथे चुकतात. क्रूगर साधारण १९,५०० चौरस किलोमीटर आहे, उत्तर-दक्षिण साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. नकाशा बघून ‘सातारा कॅम्पही करू’ (हा क्रूगरच्या मध्यभागातला कॅम्प) असं ठरतं आणि मग दिवसभर नुसती गाडी पळते. डांबरी रस्त्यावर ५० आणि कच्च्यावर ४० किलोमीटरची वेगमर्यादा आहे, रडारने तपासणी होते आणि दंडही होतो. छोटे थांबे धरले तर प्रत्यक्षात तासाला २० ते २५ किलोमीटर होतात. प्राणी शोधायचा वेग तर ताशी २५-३०च. पन्नासच्या वेगाने जाताना झाडीतला कुडू (पिळदार शिंगांचं मोठं हरीण), फांदीवरून लोंबणारं बिबट्याचं शेपूट नजरेतून सुटतं. अकरा-बारा तासांच्या दिवसात १०० ते १२० किलोमीटर पुरे. दीडशेच्या वर योजना गेली तर एक रस्ता कापा.

मग मार्ग कसा असावा?

आमची शिफारस क्रोकोडाइल ब्रिज गेटमधून आत आणि पॉल क्रूगर गेटमधून बाहेर. त्यासाठी आदली रात्र कोमातीपूर्टला आणि पुढची हेझीव्ह्यूला काढावी लागते.

गेटपासून एच ४-२ ने लोअर साबी कॅम्पपर्यंत सुमारे ३४ किलोमीटर. याला समांतर एस २८ हा कच्चा रस्ता आहे, मोकळ्या मैदानातून जाणारा. चित्ता दिसायचा तर अशा मोकळ्या जागी, म्हणून सकाळी तो घेणं चांगलं. या पूर्व पट्ट्यातली जमीन बेसाल्टची आहे. त्यावरचं गवत कसदार असतं, म्हणून झेब्रे, विल्डबीस्ट, रानरेडे जास्त, आणि त्यांच्यामागे सिंह. पश्चिमेकडे ग्रॅनाइट आहे, तिथे झाडी दाट आणि चरणारे कळप विरळ.

साडेनऊ-दहापर्यंत लोअर साबी. तिथे स्वच्छतागृह, पेट्रोल, दुकान, आणि नदीवर उघडणारी गच्ची असलेलं रेस्टॉरंट आहे. कॅम्पच्या अगदी जवळ सनसेट डॅम आहे. नाव सूर्यास्ताचं असलं तरी सकाळीही तिथे पाण्याच्या काठापर्यंत गाडी नेऊन थांबता येतं. पाणघोडे आणि मगरी गाडीपासून काही मीटरवर. इथे किमान अर्धा तास इंजिन बंद करून बसा.

पुढे एच ४-१, साबी नदीच्या काठाने स्कुकुझापर्यंत सुमारे ४६ किलोमीटर. क्रूगरमधल्या बिबट्याच्या सर्वांत चांगल्या रस्त्यांपैकी हा एक, कारण नदीकाठची मोठी झाडं त्याला आडोसा आणि शिकार वर नेऊन ठेवायला फांद्या देतात. याच कारणाने या रस्त्यावर गर्दीही सर्वांत जास्त असते. साधारण मध्यावर न्कुहलू पिकनिक स्पॉट आहे, तिथे जेवण. दुपारी स्कुकुझा, आणि शेवटचा तास लेक पॅनिक तलावाच्या बर्ड हाइडमध्ये, म्हणजे पक्षी बघायच्या आडोशात. स्कुकुझाहून पॉल क्रूगर गेट १२ किलोमीटरवर आहे, त्यामुळे शेवटी धावपळ होत नाही.

पावसाळ्यात जात असाल तर एक खबरदारी: क्रोकोडाइल ब्रिज गेटसमोरचा नदीवरचा पूल बुटका आहे, पूर आला की पाण्याखाली जातो. आदल्या दिवशी रस्त्यांची स्थिती तपासा. बंद असेल तर मालेलेन गेटने आत जा.

नुम्बी गेट जवळचं वाटतं. तिथून जावं का?

त्या गेटकडे जाणाऱ्या बाहेरच्या रस्त्यावर पर्यटकांवर हल्ल्याच्या घटना घडल्या आहेत. २०२२ मध्ये एका जर्मन पर्यटकाचा जीव गेला. जीपीएस तिकडे वळवत असलं तरी फाबेनी किंवा मालेलेन गेट निवडा.

प्राणी शोधायचे कसे? आम्हाला अनुभव नाही.

कामं वाटून घ्या. चालकाने रस्ता आणि समोरचा काठ बघायचा, डावीकडच्याने फक्त डावीकडे, उजवीकडच्याने फक्त उजवीकडे. सगळे एकाच बाजूला बघत बसले की अर्धं जंगल वाया जातं. झाडीवर नव्हे, झाडीच्या आत बघा. आडवी रेघ दिसली की थांबा: झाडं उभी वाढतात, जनावराची पाठ आडवी असते.

चितळाचा किंवा वानराचा कॉल ऐकून वाघ शोधणाऱ्यांना ही भाषा ओळखीचीच वाटेल. इम्पालांचा कळप चरणं सोडून एकाच दिशेला बघत नाकातून फुसकारे टाकत असेल, बबून झाडावर चढून भुंकत असतील, जिराफ मान न हलवता एका जागी टक लावून उभा असेल, तर त्या दिशेला शिकारी आहे. गिधाडं झाडावर निवांत बसली असतील तर खाली बहुधा सिंह अजून खातायत. सकाळी रस्त्याखालच्या मोऱ्यांकडेही लक्ष ठेवा. ठिपकेवाले तरस त्यांत बिळं करतात आणि कोवळ्या उन्हात पिल्लं बाहेर येऊन बसतात.

मोठ्या कॅम्पांत नकाशाचा फलक असतो, त्यावर रंगीत चुंबकांनी आज-काल कुठे काय दिसलं ते दाखवतात. सिंहांसाठी तो उपयोगी आहे, कारण पोट भरलेले सिंह तासन्‌तास एका जागी पडून राहतात. रानकुत्र्यांसाठी नाही, ते तोवर कित्येक किलोमीटर लांब गेलेले असतात. मोबाइल ॲपवरच्या बातमीमागे धावू नका. पोहोचेपर्यंत तिथे वीस गाड्या असतात आणि वाटेतलं सगळं हुकतं.

‘बिग फाइव्ह’ (हत्ती, रानरेडा, सिंह, बिबट्या, गेंडा) एका दिवसात दिसतील का?

हत्ती आणि रानरेडे बहुतेक दिसतात. सिंहाची शक्यता बरी, बिबट्या नशिबाचा. गेंड्याबद्दल आशा कमीच ठेवा. २०१०च्या सुमारास क्रूगरमध्ये दहा हजारांहून अधिक पांढरे गेंडे होते. चोरट्या शिकारीने आणि दुष्काळाने ती संख्या दोन-तीन हजारांच्या घरात आणली. शिंगासाठी अजूनही मारले जातात. म्हणून गेंडा दिसला तर फोटो काढा, पण त्याची जागा कुठेही टाकू नका. फोनमधलं लोकेशन आधीच बंद करा आणि कॅम्पातल्या फलकावरही सांगू नका. ही विनंती आम्ही फार मनापासून करतो.

हत्ती रस्त्यात आला तर काय करायचं?

लोक सिंहाला घाबरतात, पण गाडीला खरा धोका हत्तीकडून असतो. किमान ५० मीटर अंतर ठेवा आणि इंजिन चालू ठेवा. कळप रस्ता ओलांडत असेल तर पूर्ण ओलांडू द्या. मोठी मादी पलीकडे गेली म्हणून गाडी पुढे घेतली आणि मागून पिल्लू आलं, तर तुम्ही आई आणि पिल्लाच्या मध्ये सापडता. बहुतेक प्रसंग असेच बिघडतात.

एकटा नर असेल तर आधी त्याचा चेहरा बघा. डोळा आणि कानाच्या मधून काळपट ओघळ गालावर आलेला, मागच्या पायांच्या आतून मूत्र ठिबकतंय, डोकं वर धरून डुलत चालतोय: हा मस्तीवर आलेला हत्ती. त्याला शंभर मीटरपेक्षाही जास्त जागा द्या. तो रस्त्यावरून तुमच्याकडे येत असेल तर तो येत राहील, वाट देणं तुमचं काम. शांतपणे रिव्हर्स घ्या, वळणापर्यंत गेलात तरी चालेल. मागे गाड्या चिकटून उभ्या असतील तर रिव्हर्सची वाट बंद होते, म्हणून हत्ती दिसताच मागच्या चालकांना हाताने खूण करा. हॉर्न वाजवू नका, इंजिन रेज करू नका.

कान फैलावणं, डोकं झटकणं, सोंडेने माती उडवणं म्हणजे ‘मागे जा’ असा इशारा. त्यानंतरचं धावून येणं पुष्कळदा खोटं असतं, पण ते खोटं आहे यावर पैज लावू नका.

गाडीतून कुठे उतरता येतं?

कॅम्प, पिकनिक स्पॉट, बर्ड हाइड, आणि पाटी लावून परवानगी दिलेली मोजकी ठिकाणं. एरवी दरवाजा उघडायचा नाही. खिडकीबाहेर धड काढून बसणं, सनरूफमधून उभं राहणं, हेही नियमाबाहेर. यामागचं कारण साधं आहे. जनावराला गाडी हा एक अखंड आकार म्हणून सवयीचा झालाय. त्यातून माणूस बाहेर आला की तो आकार मोडतो, आणि ते पळतं किंवा अंगावर येतं.

टायर पंक्चर झाला तर?

उतरू नका. रेंज असेल तर परवान्यावरच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. नसेल तर हजार्ड दिवे लावून थांबा आणि येणाऱ्या गाडीला जवळच्या कॅम्पला निरोप द्यायला सांगा. दिवसा एच रस्त्यांवर फार वाट बघावी लागत नाही. पंक्चर टायरवर अगदी हळू जवळच्या कॅम्पपर्यंत गेलात तर रिम खराब होईल, पण माणसं सुरक्षित राहतील.

खाणं-पिणं? शाकाहारी असू तर?

कॅम्पातल्या रेस्टॉरंटमध्ये चिप्स, सँडविच, ऑम्लेट, सॅलड, क्वचित भाजीचा पिझ्झा मिळतो. शाकाहाऱ्यांनी आदल्या दिवशी मोठ्या गावातल्या सुपरमार्केटमधून ब्रेड, चीज, दही, काकडी, सुका मेवा घेऊन ठेवावा. माणशी दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात तीन. न्कुहलूसारख्या पिकनिक स्पॉटवर गॅसची मोठी कढई भाड्याने मिळते, तिला तिथे स्कॉटेल म्हणतात. कांदा-टोमॅटो परतून अंडी केली तर तासाभरात पाच जणांचं जेवण होतं.

माकडं आणि बबून यांच्यापुढे मात्र सावध राहा. टेबलावर अन्न उघडं ठेवून पाठ फिरवायची नाही, गाडीच्या काचा बंद ठेवायच्या. प्राण्याला खायला घालणं हा गुन्हा आहे. माणसाच्या अन्नाला चटावलेला बबून आक्रमक होतो आणि शेवटी त्याला गोळी घातली जाते.

दारू नेता येते का?

दिवसभरासाठी येणाऱ्यांना नाही. गेटवर डिकी तपासतात. ड्रोनलाही बंदी आहे.

स्वच्छतागृहांचं काय?

गेट, कॅम्प आणि पिकनिक स्पॉट, एवढंच. त्यामुळे प्रत्येक थांब्यावर सगळ्यांनी जाऊन घ्यायचं, गरज नसली तरी. वर दिलेल्या मार्गावर एस २८चा टप्पा सर्वांत लांब आहे. मध्ये सिंह दिसला तर दोन तास सहज जातात.

गर्दीच्या ठिकाणी गाडी कशी लावायची?

एका कडेला, रस्ता मोकळा ठेवून. दुसऱ्याच्या आणि प्राण्याच्या मध्ये घुसू नका. हलक्या आवाजात ‘काय दिसतंय?’ असं विचारलं तर लोक आनंदाने दाखवतात. चांगली जागा मिळाली असेल तर दहा मिनिटांनी मागच्याला द्या. गाडीतलं संगीत बंद. गटाने जाताना हे विशेष सांगावं लागतं, कारण चार मित्रांचं हसणं शांत जंगलात फार लांब जातं.

कॅमेरा आणि कपडे?

प्रत्येकी एक ८ बाय ४२ची दुर्बीण असली तर उत्तम, निदान दोघांत एक. कॅमेऱ्याला ३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स पुरते. तिपाई गाडीत निरुपयोगी. कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ भरून ती खिडकीच्या काठावर ठेवा आणि लेन्स तिच्यावर टेकवा. फोटोच्या वेळी इंजिन बंद करा, नाहीतर थरथर चित्रात येते.

हिवाळ्यात पहाटे तापमान दहा अंशांच्या खाली असतं आणि काचा खाली असतात, म्हणून जॅकेट आणि कानटोपी हवी. अकरापर्यंत टी-शर्टवर याल. निळे-काळे कपडे टाळा हा सल्ला टांझानियासारख्या त्सेत्से माशीच्या प्रदेशांसाठी आहे. क्रूगरच्या भागातून ही माशी १८९६ च्या गुरांच्या मोठ्या साथीनंतर नाहीशी झाली.

लस आणि औषधं?

मलेरियासाठी निघण्याच्या काही आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. गोळ्या द्यायच्या का, कोणत्या, हे महिना आणि तुमची प्रकृती बघून ते ठरवतील. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि अंगाला डास पळवणारं औषध लावाच.

पिवळ्या तापाची लस भारतातून थेट दक्षिण आफ्रिकेत जाणाऱ्याला लागत नाही. पण याच दौऱ्यात केनिया, इथिओपिया असेल, किंवा तिथल्या विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबा असेल, तर प्रमाणपत्र लागतं. लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. ती फक्त ठरावीक सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि तिथे वेळ आधी घ्यावी लागते.

परतल्यानंतर काही आठवड्यांत ताप आला तर साधा फ्लू समजून अंगावर काढू नका. मलेरियाच्या प्रदेशात जाऊन आलोय हे डॉक्टरांना आपणहून सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासा.

गेट बंद व्हायच्या आत पोहोचलो नाही तर?

दंड होतो आणि चौकशीही. शेवटच्या तासात नेमकं काहीतरी दिसतं आणि पाय निघत नाही, म्हणून आधीच ठरवून ठेवा: गेट बंद होण्याच्या दीड तास आधी गाडी गेटपासून २० किलोमीटरच्या आत असली पाहिजे. अडकलात तर वेग वाढवू नका. सांजवेळी रस्त्यावर पाणघोडे, तरस, इम्पाला उतरतात आणि त्याच वेळी टक्कर होते. फोन लागत असेल तर गेटला कळवा आणि मर्यादेतच चालवत या.